सर्व्हिस सेंटर, गॅरेज की घरची दुरुस्ती? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच पेचाचे आहेत. गाडीचे काम कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्यावे, बाहेरच्या गॅरेजला द्यावे, की स्वतः करावे? माझ्या मते हा निर्णय गाडी घेतानाच कायमचा करून टाकता येत नाही. तो प्रत्येक कामागणिक करावा लागतो. काम चुकले तर काय बिघडेल, ती चूक वेळेत लक्षात येईल का आणि ती निस्तरण्याची जबाबदारी कोणाची राहील, एवढे पाहिले की बहुतेक वेळा उत्तर आपोआप मिळते. पुढची उत्तरे याच कसोटीवर दिली आहेत.

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी दोन वर्षांची आहे आणि वॉरंटी अजून चालू आहे. सर्व्हिस सेंटरचे बिल दर वेळी वाढते आहे. बाहेर सर्व्हिसिंग केले तर वॉरंटी रद्द होते, असे तेथे सांगतात. हे खरे आहे का? (एक वाचक, पुणे)

सरसकट खरे नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश देऊन एकूण सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. या कंपन्या सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत आणि त्यामुळे ग्राहकाला पर्याय उरत नाही, हा त्यांच्यावरील ठपक्याचा गाभा होता. केवळ बाहेर काम करून घेतले म्हणून संपूर्ण वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी, असे त्या आदेशात स्पष्ट म्हटले होते. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. त्यामुळे आदेशाची प्रत दाखवली की काउंटरवरचा माणूस लगेच मान्य करील, अशा भरवशावर राहू नये.

व्यवहारात अडचण वेगळीच येते. उद्या इंजिनात किंवा गिअरबॉक्समध्ये निर्मितीदोष निघाला, तर ऑइल वेळेवर आणि योग्य ग्रेडचे बदलले होते का, हा पहिला प्रश्न विचारला जाईल. सर्व्हिस सेंटरच्या नोंदी असतील, तर वाद तेथेच संपतो. नसतील, तर ते सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. नव्या गाडीतील एक मोठा भाग वॉरंटीत बदलून मिळाला, तर त्याची किंमत कित्येक सर्व्हिसिंगच्या फरकाहून अधिक असते. म्हणून वॉरंटी असेपर्यंत वेळापत्रकाप्रमाणे होणारे सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच करावे, असे मी निःसंकोचपणे सांगेन.

मात्र तेथे सुचवलेले प्रत्येक काम करून घ्यावे, असा याचा अर्थ नाही. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत देखभालीचा तक्ता असतो. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी कोणता भाग तपासायचा आणि कोणता बदलायचा, हे त्यात दिलेले असते. गाडी देण्यापूर्वी आदल्या रात्री हे पान वाचा. इंजिन फ्लशिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग, इंजेक्टर क्लीनिंग यांपैकी जे तक्त्यात नाही आणि ज्याची तक्रारही नाही, ते जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या नोंदपत्रकावर, लिहू देऊ नका. जॉब कार्डवर सही करण्यापूर्वी अंदाजपत्रक मागा आणि ‘फोनवर विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ असे त्यावर लिहून घ्या. बदललेले जुने भाग परत मागण्यातही संकोच करू नका, कारण ते तुमचे आहेत.

टायर, व्हील अलाइनमेंट, धुलाई, पंक्चर ही कामे आजही बाहेर करता येतात. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा त्या-त्या उत्पादकाची असते, तर ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर यांसारखे झिजणारे भाग सामान्य झिजेसाठी वॉरंटीत येत नाहीत.

प्रश्न : नऊ वर्षांच्या डिझेल गाडीचा क्लच गेला आहे. सर्व्हिस सेंटरने सांगितलेला खर्च ओळखीच्या गॅरेजपेक्षा जवळजवळ दुप्पट आहे. एवढा फरक कशाचा? स्वस्तात केलेले काम टिकेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

क्लचच्या कामात खरा वेळ गिअरबॉक्स उतरवण्यात आणि परत बसवण्यात जातो. भाग तीनच असतात : क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. क्लच ज्यावर बसतो त्या इंजिनच्या जड चाकाला फ्लायव्हील म्हणतात. काही डिझेल गाड्यांत ते साधे नसून दुहेरी वस्तुमानाचे असते आणि ते खराब असल्यास खर्च एकदम वाढतो. त्यामुळे दोन अंदाजपत्रकांची तुलना करण्यापूर्वी दोन्हींत कोणते भाग धरले आहेत, हे ओळीने पाहावे. अनेकदा एका ठिकाणी संपूर्ण क्लच सेट, इंजिनच्या मागचे ऑइल सील आणि गिअर ऑइल धरलेले असते, तर दुसऱ्या ठिकाणी फक्त प्लेट. मग दुपटीचा फरक दिसतो खरा, पण तो दोन वेगळ्या कामांचा असतो.

उरलेला फरक मजुरीच्या दराचा आणि डब्याचा. मोटार कंपन्या बहुतेक सुटे भाग स्वतः बनवत नाहीत. क्लच ‘लुक’ किंवा ‘वलेओ’चा असू शकतो, डिझेलचे इंजेक्टर ‘बॉश’चे असू शकतात, आणि या शेवटच्या कंपनीचा तर कारखाना आपल्या नाशिकलाच आहे. पुरवठादार तोच भाग कित्येकदा स्वतःच्या नावाच्या डब्यातही विकतो आणि तो मोटार कंपनीच्या शिक्क्याच्या डब्यापेक्षा स्वस्त पडतो. पुण्यातील नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारात हे डबे सहज मिळतात. ‘बाहेरचा’ भाग आणि ‘डुप्लिकेट’ भाग या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पुरवठादाराचा भाग घेण्यात काहीच कमीपणा नाही. नावाची नक्कल केलेला भाग मात्र ब्रेक, स्टिअरिंग आणि क्लचमध्ये कधीही घालू नये. डबा तुमच्यासमोर उघडायला लावा, भाग क्रमांक पुस्तिकेशी किंवा जुन्या भागाशी जुळवा आणि डब्याचे छायाचित्र काढून ठेवा.

नऊ वर्षांच्या गाडीसाठी हे काम चांगल्या गॅरेजमध्येच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वॉरंटी संपलेली आहे, काम यांत्रिक आहे आणि काही चुकले, तर गिअर टाकताना लगेच कळते. तुमच्या शहरात तर शिवाजी उद्यमनगरसारखी वसाहत आहे. तेथे लेथवर वाढलेल्या कारागिरांच्या पिढ्या आहेत, आणि बदलून टाकण्यापेक्षा दुरुस्त करण्याची ती विद्या आपण जपायला हवी, असे मला मनापासून वाटते. फ्लायव्हीलचा पृष्ठभाग घासून सरळ करून घेणे यांसारखी कामे तेथे सहज होतात. साधे फ्लायव्हील असेल, तर ती करावीतही.

गॅरेज निवडताना दरापेक्षा वागणूक पाहावी. मालक गाडी स्वतः चालवून पाहतो का, की तक्रार ऐकताच भाग बदलायला सांगतो? तुमच्याच बनावटीच्या इतर गाड्या तेथे उभ्या आहेत का? महत्त्वाचे बोल्ट तो टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, आवळतो का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तो लेखी बिल देतो का? वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असलेल्या गॅरेजला जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. म्हणून जीएसटी क्रमांक नसणे हा दोष नव्हे, पण नाव, तारीख, किलोमीटर, भाग आणि मजुरी लिहिलेला कागद तरी मिळालाच पाहिजे. नोंदणीकृत गॅरेजच्या बाबतीत लक्षात ठेवा, की 22 सप्टेंबर 2025 पासून मोटारींच्या सुट्या भागांवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे. जुन्या दराने आकारणी केलेले बिल आले, तर विचारणा करा.

प्रश्न : मला गाडीची छोटी कामे स्वतः करायची आहेत. घरचे म्हणतात, तू हात लावू नकोस. नेमके कोठवर जावे? (एक वाचक भगिनी, नागपूर)

अवश्य करा, आणि तपासणीपासून सुरुवात करा. सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबल्यावर डिपस्टिकने (इंजिनातील मोजपट्टीने) ऑइल पाहणे, कुलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) त्याच्या टाकीवरच्या दोन खुणांमध्ये आहे का ते पाहणे, टायर थंड असताना हवा मोजणे ही कामे महिन्यातून एकदा केली, तर मोठे बिघाड आधीच हाती लागतात. त्यानंतर वायपरची पाती, एअर फिल्टर आणि एसीचा केबिन फिल्टर बदलायला शिका. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. त्यावरचा हवेच्या दिशेचा बाण पाहून तो बसवायचा, एवढीच काळजी घ्यावी लागते. नागपूरच्या उन्हाळ्यात एसीची हवा कमी वाटली, तर गॅस भरायला धावण्यापूर्वी हा फिल्टर काढून पाहा.

फ्यूज उडाला, तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. मोठा घातला, तर फ्यूजऐवजी वायर जळते. बॅटरी काढताना आधी ऋण टर्मिनल सोडवावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे. गाडीची बॉडी ऋण टर्मिनलला जोडलेली असते. त्यामुळे धन टर्मिनल सोडवताना पाना बॉडीला टेकला, तर ऋण आधीच सुटे असल्यास ठिणगी पडत नाही. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतला कुलंट दाबाखाली असतो. झाकण सुटताच तो उकळून उसळतो आणि चेहरा भाजतो.

ऑइल बदलणेही घरी होऊ शकते, पण त्यासाठी गाडीखाली जावे लागते. गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या आधारावर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीही जाऊ नये. त्यासाठी पक्के स्टँड लागतात. काढलेले ऑइल गटारात किंवा मातीत न ओतता डब्यात भरून, जुने ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी पाठवणाऱ्या गॅरेजला द्यावे. या सर्व व्यवस्थेसह हिशेब केला, तर बचत फारशी उरत नाही. म्हणून हे काम आवड असेल तरच करावे.

ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा, इंधनाची नळी, एअरबॅग आणि एसीचा गॅस यांना घरी हात लावू नका. ब्रेक पॅड बदलणे हाताला कठीण नाही. पण त्यातील चूक गाडी उभी असताना दिसत नाही. घाटात उतारावर दिसते. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतील नारिंगी केबल उच्च विद्युतदाबाच्या असतात. त्या प्रशिक्षित तंत्रज्ञाशिवाय कोणीही सोडवू नयेत, बाहेरच्या हुशार वायरमननेसुद्धा नाही.

प्रश्न : पुराच्या पाण्यात गाडी बुडाली, तर विम्यासाठी ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्यावी लागते का? आणि साध्या पोच्यासाठीही दावा करावा का? (एक वाचक, चिपळूण)

जुलै 2021 च्या पुरानंतर तुमच्या शहराने हे फार जवळून पाहिले आहे, म्हणून आधी सर्वांत महत्त्वाचे सांगतो : पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करून पाहू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल, तर ते हवेसारखे दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असे नुकसान मालकाच्या कृतीने झाले, असे म्हणून विमा कंपनी दावा नाकारू शकते. इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतले असेल, तरच त्यापासून बचाव होतो. बॅटरी सोडवा, पाण्याची पातळी दिसेल अशी छायाचित्रे काढा, विमा कंपनीला कळवा आणि गाडी ओढूनच न्या. विमा कंपनीचा सर्वेक्षक येण्यापूर्वी काहीही उघडू नका.

गॅरेज निवडण्याचा हक्क तुमचा आहे. मात्र कॅशलेस सोय विमा कंपनीशी करार असलेल्या ठिकाणीच मिळते. इतरत्र आधी पैसे भरून नंतर भरपाई मागावी लागते. पुराच्या गाडीत वायरिंगचे जोड आणि संगणकीय भाग भिजलेले असतात. त्यांचे निदान त्या बनावटीच्या स्कॅनरशिवाय नीट होत नाही, म्हणून येथे मी सर्व्हिस सेंटरच सुचवेन.

पोच्याचा हिशेब वेगळा आहे. रबर, प्लास्टिक, बॅटरी, टायर यांवर साध्या पॉलिसीत 50 टक्के घसारा कापला जातो आणि 1500 सीसीपर्यंतच्या मोटारीला 1,000 रुपये, त्यावरील मोटारीला 2,000 रुपये स्वतः भरावेच लागतात. एका दाव्याने नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, शून्यावर येतो. तो पुन्हा 20 टक्क्यांपासून 50 टक्क्यांवर जायला दाव्याविना पाच वर्षे लागतात. तुमच्या गाडीच्या स्व-हानी विम्याचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) हप्ता 10,000 रुपये असेल आणि बोनस 50 टक्के असेल, तर एका वर्षातच 5,000 रुपयांची सवलत जाते. चार हजारांचे डेंटिंग-पेंटिंग असेल, तर चांगल्या पेंटरकडे रोखीने करून मोकळे व्हा.

प्रश्न : सर्व्हिस सेंटरने न विचारता भाग बदलले आणि बिल भरल्याशिवाय गाडी सोडली नाही. आता काय करता येईल? (एक वाचक, सोलापूर)

बिलावर ‘निषेध नोंदवून रक्कम भरली’ असे लिहिले असेल, तर उत्तमच. नसेल, तरी हक्क जात नाही. जॉब कार्ड, अंदाजपत्रक आणि बिल जोडून सेंटरला व कंपनीच्या ग्राहक विभागाला एकाच ईमेलने लेखी तक्रार पाठवा आणि उत्तरासाठी मुदत द्या. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने काम झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. सेंटर पुण्याचे असले, तरी सोलापुरातच दाद मागता येते. सेवेपोटी दिलेली रक्कम पाच लाख रुपयांच्या आत असल्यास शुल्क लागत नाही आणि वकील देणेही सक्तीचे नाही. बदललेले भाग अजून सेंटरकडे असतील, तर ते जपून ठेवावेत, असे त्याच ईमेलमध्ये आजच लिहा. पुढे ते खरोखर निकामी होते की नाही, हे त्यांवरूनच ठरेल.