सस्पेन्शनचा पार्ट बनवा खुशाल, पण कंपनीचा शिक्का मारू नका

नमस्कार, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे १९६० च्या दशकातली जॅग्वार ई-टाइप आहे, पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे स्टीलचे दांडे) आणि खालचे विशबोन (चाक धरणारे दुबेळकी आर्म) बदलायचे होते, एकाने फॅक्टरीच्या वेळचा न वापरलेला ओरिजिनल माल म्हणून सेट विकला, पैसेही ओरिजिनलचेच घेतले आणि पार्ट हातात आल्यावर मेकॅनिक म्हणाला की हा हल्लीच बनवलाय, नंबर नंतर ठोकलाय. आता वैतागून तुम्ही ठरवलंय की आपल्या जुन्या पार्टवरून वर्कशॉपमध्ये १० सेट करून घ्यायचे, एक आपल्याला, बाकीचे ओळखीतल्या ई-टाइपवाल्यांना विकायचे, आणि गाडी अस्सल दिसावी म्हणून कंपनीचा लोगो नि पार्ट नंबर जसाच्या तसा टाकायचा.

तर बनवायला बहुतेक देशांत अडचण नाही. पेटंट अर्ज केल्यापासून साधारण २० वर्षं टिकतं, म्हणजे १९६१ साली आलेल्या गाडीचं त्या वेळचं जे काही होतं ते केव्हाच संपलं. फक्त एक बघा, कुणी अलीकडे सुधारित बुश किंवा जॉइंट काढून त्याचं नवीन पेटंट घेतलं असेल तर ते जिवंत असू शकतं, म्हणून कॉपी करायची तर जुन्या पार्टचीच करा, दुसऱ्या कुणाच्या सुधारित पार्टची नको.

ड्रॉइंगवरच्या कॉपीराइटची भीती तुम्हाला कुणीतरी घातलीये, ती अगदीच निराधार नाही पण जुनी आहे. ब्रिटिश लेलँड या गाड्या बनवणाऱ्या कंपनीने आपल्या मॉरिस मरीना गाडीच्या एक्झॉस्ट पाइपवरून आर्मस्ट्राँग या सुटे पार्ट बनवणाऱ्या कंपनीवर केस केली होती, म्हणणं असं की पाइप बघून पाइप बनवला तरी ती आमच्या ड्रॉइंगचीच नक्कल. १९८६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च कोर्टाने, सांगितलं की गाडी विकल्यावर मालकाला ती दुरुस्त करून चालती ठेवायचा हक्क आहे आणि कॉपीराइट दाखवून कंपनीला तो अडवता येणार नाही. मला हा निकाल मनापासून आवडतो, कारण जुन्या गाड्या जपणाऱ्या माणसाची बाजू त्यात कोर्टाने ओळखली. पण हा ब्रिटनचा निकाल, तुम्ही जिथे बनवणार आणि जिथे विकणार तिथला नियम वेगळा तपासायचा.

आता लोगो. इथे मी हात जोडून सांगतो, नका टाकू. पेटंट संपतं, डिझाइनचा हक्क संपतो, ट्रेडमार्क मात्र रिन्यू करत राहिलं तर कधीच संपत नाही. २०२४ च्या जानेवारीत युरोपियन युनियनच्या कोर्टासमोर ऑडीची केस आली, त्यात तर नुसत्या ग्रिलमध्ये चिन्ह बसवायच्या जागेचा आकार चिन्हासारखा होता, तरी कोर्ट म्हणालं की दुरुस्तीचा पार्ट आहे म्हणून ट्रेडमार्कमधून सूट मिळत नाही. तुम्ही तर अख्खा लोगोच मारायचा म्हणताय. 'ई-टाइपला बसणारा पार्ट, बनवणार अमुक' असं खरंखरं लिहिलेलं साधारणपणे चालतं, जुना पार्ट नंबर कुठल्या पार्टच्या जागी बसतो एवढं कळावं म्हणून बिलावर द्या, धातूवर स्वतःची खूण आणि बॅच नंबर टाका. आणि विचार करा हो, तुम्हाला त्या विक्रेत्याने जे केलं तेच उद्या तुमच्या सेटचं होईल, तिसऱ्या मालकाच्या हातात जाईपर्यंत तो 'ओरिजिनल' झालेला असेल.

सगळ्यात जास्त काळजी मला विकण्याची वाटते. स्वतःच्या गाडीपुरतं केलंत तर तुम्ही दुरुस्ती करणारा मालक, ९ जणांना विकलंत की तुम्ही उत्पादक, मग ओळखीतले असोत नाहीतर नफा शून्य असो. टॉर्शन बार म्हणजे पिळाने काम करणारी स्प्रिंगच, स्टील चुकलं, हीट ट्रीटमेंट चुकली किंवा वर एक ओरखडा राहिला तरी तिथून तडा वाढत जाऊन एक दिवस चालत्या गाडीत तुटतो. एका दिशेने पीळ देऊन सेट केलेला बार दुसऱ्या बाजूला लावायचा नसतो, हे लेखी सांगितलं नाहीत तर ती चूकही तुमच्यावर येईल. 'आपापल्या जबाबदारीवर वापरा' असा कागद मित्राने सही करून दिला तरी रस्त्यावर जखमी झालेल्या तिसऱ्या माणसाने तो सही केलेला नसतो. म्हणून वर्कशॉपशी लेखी करार करा, स्टीलचा ग्रेड, कडकपणा, तड्यांची तपासणी आणि सदोष माल निघाला तर जबाबदारी कुणाची हे त्यात हवं, आणि उत्पादन दायित्वाचा विमा मिळत नसेल तर विकूच नका, एकच सेट करा. झिजलेला पार्ट स्कॅन केला की झीजही कॉपी होते हे पण वर्कशॉपला बजावा.

विक्रेत्याचं काम मात्र आजच करा. पार्ट गाडीला लावू नका, घासू नका, पॅकिंग फेकू नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल, चॅट एकत्र ठेवा, स्वतंत्र तज्ज्ञाकडून धातूचा आणि शिक्क्याचा लेखी रिपोर्ट घ्या आणि विक्रेत्याला लेखी कळवा की वर्णनाप्रमाणे माल नाही, परत घ्या, पूर्ण पैसे द्या, अमुक तारखेच्या आत. त्याला जाणूनबुजून फसवणूक म्हणायची घाई नको, कदाचित त्यालाही कुणी तसाच गळ्यात मारला असेल, आणि पैसे परत मिळायला त्याचा हेतू सिद्ध करायची सहसा गरजही नसते. कार्डने पैसे दिले असतील तर बँकेकडे तक्रारीची मुदत कमी असते, ती तारीख आधी बघा, रिपोर्टसाठी थांबू नका.