जमीन मुलाचीच, निचऱ्याचा हक्क सरकारचा

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो, आता तिथला नागरिकही झालाय. मिनेसोटात त्याने ऐंशी एकर शेती घेतली. मधोमध पाच-सहा एकर पाणथळ आहे. तिथल्या वन्यजीव खात्याचे लोक म्हणतात, एकरकमी पैसे घ्या आणि पाणथळ कधीच मोडणार नाही असं कायमचं लिहून द्या. मुलगा राजी आहे. मला हे सातबाऱ्यावर आरक्षण पडण्यासारखंच वाटतं. त्याला अडवू का? आणि आमच्या ओढ्याकाठच्या दलदलीसाठी इथे असं काही आहे का?
– एक वाचक, ता. शिरोळ

उत्तर : ताई, आरक्षण कुणी विचारून टाकत नाही. इथे मुलगा 'नको' म्हणाला की विषय संपला. माझी हयात जमिनीच्या दाव्यांत गेली, 'कायमचं' असं दिसलं की मीही दस्त दोनदा वाचतो. पण हा दस्त मला वाईट वाटत नाही.

तुमच्याकडे क्षारपड रानात भोकांचे पाइप गाडून पाणी काढतात ना? तिकडे तसेच पाइप घालून शेतकऱ्यांनी हिमनद्यांनी मागे ठेवलेली डबकी कोरडी केली आणि मका-सोयाबीन पेरलं. बदकं वीण घालतात ती या डबक्यांच्याच आसऱ्याने. म्हणून 1958 च्या कायद्याने तिथल्या केंद्र सरकारला अशा जमिनींवरचा मोजका हक्क विकत घेता येऊ लागला. त्यातला बराच पैसा बदकांच्या शिकाऱ्यांना घ्याव्या लागणाऱ्या 'डक स्टॅम्प'मधून येतो. बदकं वाचवायला पैसे शिकारी देतात, आहे की नाही गंमत!

अट एवढीच, की पाणथळीचा निचरा करायचा नाही, ती बुजवायची नाही, सपाट करायची नाही, जाळायची नाही. मालकी मुलाचीच राहते, घरपट्टीसारखा करही तोच भरणार. शिकारीचा हक्क त्याचा, परक्याला आत येऊ द्यायची सक्ती नाही. बाकीचं रान खुशाल पिकवा. डबकं आपोआप आटलं त्या वर्षी तिथेही नांगर घालता येतो. तसंही 1985 पासून पाणथळ मोडून पीक घेणाऱ्याचं सरकारी अनुदान बंद केलं जातं, तेव्हा विकतोय तो हक्क तसा अर्धा लंगडाच.

तिथल्या कृषी खात्याची दुसरी योजना अधिक कडक आहे. तिच्यात आजूबाजूची जमीनही जाते, पीक बंद होतं, चराईलाही परवानगी लागते. कायमचं दिलं तर हक्काची पूर्ण किंमत, तीस वर्षांसाठी दिलं तर निम्मी ते पाऊण. मात्र जमीन साधारण दोन वर्षं ताब्यात असावी लागते. मुलापुढचा कागद नेमका कोणत्या योजनेचा, हे आधी विचारा.

मग नकाशा मागा. जुने चर कुठे, किती खोल, हे नकाशात नसेल तर पुढे त्यांच्या साफसफाईवरूनही तंटा होईल. कर्ज असेल तर बँकेची संमती घ्यावी लागेल. बंधन जमिनीबरोबर चालतं. नातवंडांनी विकली तरी घेणाऱ्यावर लागू, आणि भाव थोडा उतरतो. एकरकमी पैसे त्याचेच. दस्त मुलाने स्वतःच्या वकिलाला दाखवावा, खात्याच्या नव्हे. तेवढं झालं की अडवू नका.

तुमच्या ओढ्याकाठी हे जमणार नाही. आपल्या 1882 च्या सुविधाधिकार (ईझमेंट) कायद्यात असा हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसरीवर असतो, पक्ष्यांसाठी नव्हे. जवळचा मार्ग म्हणजे वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम 36 क. मालक स्वखुशीने पुढे आला तर राज्य सरकार खासगी जमीन 'सामुदायिक राखीव क्षेत्र' जाहीर करू शकतं. मग जमिनीचा वापर बदलायला त्या क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी लागते. त्यात हक्क विकत घेण्याची तरतूद मात्र नाही.