सॅम्पल आधी, पॅटर्न नंतर

चि. विद्यार्थ्यास अनेक आशीर्वाद.

तुझी मॉड्युल फाइल, म्हणजे आवाजांचे तुकडे (सॅम्पल) आणि ते केव्हा वाजवायचे हे सांगणाऱ्या ओळी (पॅटर्न) एकत्र ठेवणारी फाइल, मिळाली. ती ऐकली आणि प्रोट्रॅकर या संगीतरचनेच्या प्रोग्रॅममध्ये उघडून तिच्यातला प्रत्येक सॅम्पल स्वतंत्रपणे वाजवूनही पाहिला. जर्मनीत शिकायला गेल्यावर तिथल्या जुन्या बाजारात अमिगा ५०० हा जुना घरगुती संगणक शोधावा आणि त्यावर तीनतालाचा ठेका, खाली तंबोरा व वर सारंगीचा स्वर अशी मांडणी करावी, हे मला मनापासून आवडले. तबला पत्र्यासारखा लागतो आणि तंबोरा दर थोड्या वेळाने ठेचकाळतो, अशी तुझी तक्रार आहे. ती रास्त आहे, परंतु तिचे मूळ तू ज्या पॅटर्नवर इतकी मेहनत घेतलीस त्यांत नाही. ते त्याआधीच्या टप्प्यात आहे, म्हणजे सॅम्पल कसा घेतला, कुठे कापला आणि कुठे जोडला यात.

कार्स्टन ओबार्स्की यांचा अल्टिमेट साउंडट्रॅकर हा अशाच प्रकारचा प्रोग्रॅम, म्हणजे ट्रॅकर, १९८७ मध्ये, म्हणजे अमिगा ५०० ज्या वर्षी आला त्याच वर्षी आला. त्यात १५ सॅम्पलना जागा होती. पुढच्या ट्रॅकरांत ती ३१ झाली. ज्या काळी चांगला सॅम्पलर, म्हणजे मुद्रित आवाज हव्या त्या स्वरात वाजवणारे वाद्य, हे महागडे यंत्र होते, त्या काळी हे काम घरातल्या टेबलावर आले, याचे श्रेय मी अमिगातल्या पॉला या ध्वनिचिपला अधिक देतो. पॉला मेमरीतले आकडे प्रोसेसरला फारसा त्रास न देता थेट उचलते आणि चार चॅनेलांवर, प्रत्येकी वेगळ्या गतीने वाजवते. ही गती 'पिरियड' नावाच्या आकड्याने ठरते. युरोपातल्या पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या यंत्रात ३५,४६,८९५ ला त्या आकड्याने भागले की सेकंदाला किती बाइट वाजतात ते मिळते. ट्रॅकरमधल्या सी-२ या स्वराचा पिरियड ४२८ आहे, म्हणून तिथे सेकंदाला सुमारे ८,२८७ बाइट खर्च होतात. जी-२ चा पिरियड २८५, म्हणजे सुमारे १२,४४५ बाइट. हा हिशोब तोंडपाठ असू दे, कारण मूळच्या यंत्रात मेमरी ५१२ किलोबाइट आहे आणि तीत प्रोग्रॅम, पॅटर्न व सगळे आवाज बसवायचे आहेत.

आता तबल्याकडे वळू. एका बाइटमध्ये आवाजाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. तुझा 'ना' सुरुवातीला त्या सगळ्या वापरतो, पण चाटेवरचा आघात विरल्यावर शाईचा जो नाद उरतो तो इतका क्षीण असतो की त्याच्या वाट्याला चारपाच पायऱ्याच येतात, आणि तिथे तबल्याचा स्वर जाऊन नुसती खरखर ऐकू येते. तुला जो पत्रा वाटतो आहे तो हाच. यावरचा उपाय मला या सगळ्या कलेतला सर्वांत सुंदर वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो. बोल आधी लॅपटॉपवर १६ बिटांत नीट ध्वनिमुद्रित कर. मग आघातानंतरचा भाग हळूहळू वर उचल, म्हणजे विरत जाणारा नाद जवळजवळ शेवटपर्यंत भरदार राहील. त्यानंतरच त्याचे ८ बिटांत रूपांतर कर आणि अमिगावर ने. नुसता वाजवशील तर तो विचित्र, फुगलेला वाटेल. विरण्याचे काम आता चॅनेलच्या आवाजावर सोपवायचे. पॉला चॅनेलचा आवाज ० ते ६४ असा स्वतंत्रपणे कमी-जास्त करते आणि तसे करताना सॅम्पलचे बारकावे गमावत नाही. नाद खाली येतो तशी खरखरही त्याच्याबरोबर खाली जाते. नेहमीच्या ६ या गतीला (म्हणजे एका ओळीचे सहा सूक्ष्म भाग) पॅटर्नच्या ओळीत लिहिलेली ए०१ ही आज्ञा दर ओळीला ५ पायऱ्या आवाज उतरवते, म्हणजे तेरा ओळींत, सुमारे दीड सेकंदात, बोल पूर्ण विरतो. शेपूट अगदी सपाट मात्र करू नकोस. थोडा मूळचा उतार राहू दे, नाहीतर तबल्याऐवजी घंटा वाजल्यासारखे वाटेल.

'ना' संपल्यावर मागे एक बारीक शिटी राहते, तिचे कारण वेगळे आणि अगदी साधे आहे. लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा भाग) नसलेला सॅम्पल संपला तरी पॉला थांबत नाही. ती त्या सॅम्पलचे पहिले दोन बाइट पुन्हा पुन्हा वाजवत राहते. ते दोन्ही शून्य असले पाहिजेत. तू आघाताच्या अगदी टोकावर कापलेस, म्हणून तिथे शून्य नाही.

तंबोऱ्याचा प्रश्न अधिक खोल आहे. तू षड्जाच्या तारेचा अर्ध्या सेकंदाचा तुकडा घेऊन त्याचा लूप केलास. बासरी किंवा ऑर्गनसारख्या स्थिर आवाजाला ही पद्धत उत्तम चालते. नुसत्या ३२ बाइटांचा एक तरंग लूपमध्ये ठेवला तरी सी-२ वर तो सुमारे २५९ हर्ट्झचा, मधल्या सी च्या अगदी जवळचा स्वर देतो आणि मेमरीत काही जागा व्यापत नाही. पण तंबोऱ्याचा प्राण जवारीत आहे. तार छेडल्यावर वरचे स्वरांश एकामागून एक उमलत जातात. अर्ध्या सेकंदात ते उमलणे सुरूही होत नाही तोच तू त्याला मागे ओढतोस. प्रत्येक तारेचा वेगळा सॅम्पल घेतलास तर एका चॅनेलवर पुढची तार आधीच्या तारेला तोडते, आणि तारांना वेगवेगळे चॅनेल दिलेस तर चारही चॅनेल तंबोऱ्यातच संपतात. म्हणून पंचमापासून खर्जापर्यंत चारही तारांचे पूर्ण आवर्तन एकच सॅम्पल म्हणून घे. जी-२ च्या गतीने पाच सेकंदांचे आवर्तन सुमारे ६२,२०० बाइटांत बसते. प्रोट्रॅकरच्या बहुतेक आवृत्त्यांत एका सॅम्पलला ६४ किलोबाइटची मर्यादा असते, ती इथे जेमतेम सांभाळली जाते. यंत्राच्या मेमरीचा आठवा भाग एका तंबोऱ्यावर खर्च करणे उधळेपणाचे वाटेल, पण माझ्या मते या तुकड्यात ती जागा त्याच्याच हक्काची आहे. सारंगी आणि तबला उरलेल्यात सहज मावतील.

लूपचा सांधा शांत जागी शोधू नकोस, कारण तंबोऱ्यात तशी जागा नसतेच. पंचमाची तार पुन्हा छेडली जाते नेमक्या त्या क्षणी सांधा ठेव, म्हणजे आघाताखाली तो झाकला जाईल. सांध्याच्या दोन्ही बाजूंना तरंग शून्याजवळ असावा आणि दोन्हीकडे तो एकाच दिशेने, वर किंवा खाली, जात असावा. नुसते शून्य जुळून दिशा उलट पडली तरी टिचकी ऐकू येते. लूपची लांबी सम बाइटांची लागते, कारण पॉला दोन-दोन बाइट एकत्र उचलते. हे काम कानाने कर. पडद्यावरचा आलेख पाहून पहिला अंदाज घे, मग डोळे मिटून बराच वेळ लूप चालू ठेव आणि मन सांध्याची वाट पाहायचे थांबते का ते बघ.

तालाच्या बाबतीत तुझी निवड योग्यच आहे. पॅटर्नमध्ये ६४ ओळी असतात. मात्रेला चार ओळी दिल्या की तीनतालाचे एक आवर्तन एका पॅटर्नमध्ये बरोबर बसते आणि नेहमीच्या गतीला मिनिटाला १२५ मात्रांची लय मिळते. पुढे झपताल करावासा वाटला तर त्याला चाळीस ओळी पुरतात. ओळी शून्यापासून मोजल्या जातात, म्हणून ३९ क्रमांकाच्या ओळीवर डी०० ही आज्ञा देऊन पुढच्या पॅटर्नला जा. डग्ग्याची मींड १ च्या आज्ञेने स्वर वर सरकवून बऱ्यापैकी साधते, तरी घिस्सा देऊन वाजवलेला 'घे' वेगळा मुद्रित करून ठेवावा असे मी सुचवीन.

सारंगीसाठी ३ ची आज्ञा वापर. तीत नवा स्वर पुन्हा आघाताने सुरू न होता आधीचा स्वर त्याच्याकडे सरकत जातो. ट्रॅकरमधले बारा स्वर समान अंतरावर बांधलेले आहेत आणि तुझा कोमल गंधार तंबोऱ्याशी भांडतो तो त्यामुळेच. ई५ ने सुरू होणारी आज्ञा त्या एका स्वरापुरते अर्ध्या स्वराच्या आठव्या भागाने सूक्ष्म जुळवणी बदलू देते. गंधार एक-दोन पायऱ्या चढवून पाहा आणि कान मान्य करील तिथे थांब.

चार चॅनेलांपैकी पहिला व चौथा पूर्ण डावीकडे, दुसरा व तिसरा पूर्ण उजवीकडे वाजतो. हेडफोनवर हे फार टोकाचे वाटते, म्हणून निर्णय स्पीकरवर ऐकूनच घे. तबला आणि तंबोरा मात्र विरुद्ध बाजूंना ठेव. यंत्रावरचा दिवा पूर्ण तेजाने लागलेला असेल तर ध्वनिगाळक चालू आहे आणि जवारीचा वरचा भाग त्यात बुडतो आहे असे समज. गाण्याच्या पहिल्याच ओळीवर ई०१ देऊन तो बंद कर.

तूर्त नवे पॅटर्न लिहू नकोस. आधी फक्त तंबोऱ्याचे आवर्तन आणि 'ना' हे दोनच सॅम्पल वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा तयार कर, आणि मॉड्युलबरोबर त्यांची १६ बिटांची मूळ ध्वनिमुद्रणेही पाठव, म्हणजे कापताना काय राहिले आणि काय गेले ते मला दोन्ही शेजारी ठेवून ऐकता येईल.

शुभेच्छांसह,
तुझा हितचिंतक