जुनी सॅन स्टॉर्म घेऊन घरीच दुरुस्त करता येईल का? मोठं इंजिन बसवावं का?

मोठं इंजिन बसवू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण मोठं इंजिन बसवायचाच सल्ला मला माझ्या दाजींनी दिला होता आणि आमचं त्यावरून अजून मिटलेलं नाही.

तुम्ही लिहिलंय की लातुरात एक बंद पडलेली सॅन स्टॉर्म स्वस्तात मिळतेय, हातात थोडंफार काम आहे, गॅरेजवाल्यांवर भरवसा नाही, तर घरीच उभी करून जरा जास्त पळती करता येईल का. येईल. पण वायरिंगला हात लावायची भीती वाटत असेल तर घेऊच नका. या गाडीत इंजिन सगळ्यात कमी छळतं. गोव्यात बनलेली दोन सीटची उघडी गाडी, वर फायबरची बॉडी आणि आत रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, ताकद साधारण ६० हॉर्सपॉवर. हे डी७एफ जातीचं इंजिन बाहेरच्या देशांत क्लिओ आणि ट्विंगोत लागलेलं आहे. त्यामुळे बेल्ट, सेन्सर वगैरे त्या नावानं शोधले तर मिळतात. छळते ती फायबरची बॉडी आणि तिच्यापायी वाढलेली वायरिंग.

मी वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, इलेक्ट्रिकल. दाजी मेकॅनिकल. भांडण कुठलं ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

माझी स्टॉर्म आली तेव्हा एकच तक्रार होती: गरम होते. संभाजीनगरातला एप्रिल, जालना रोडचा सिग्नल, काटा लाल पट्ट्याकडे. शहराबाहेर पडून गाडी जरा पळवली की काटा आपसूक खाली. दाजींनी बोनेट उघडून वास घेतला आणि निकाल दिला, "हेडगॅस्केट." म्हणजे इंजिनचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी गेली. त्यांच्या ओळखीचं एक गॅरेज होतं, गाडी तिथं गेली. आधी थर्मोस्टॅट काढून फेकला. मग रेडिएटर उकळून आणला. मग हेड उतरवलं, फेस मारून म्हणजे घासून सपाट करून आणलं, नवीन गॅस्केट घातली. बिल दिलं, गाडी आणली आणि पहिल्याच संध्याकाळी त्याच सिग्नलला काटा पुन्हा वर.

आता मला सांगा, गॅस्केट गेलेली गाडी मोकळ्या रस्त्यावर थंड कशी होईल? वेगात हवा आपोआप रेडिएटरमधून जाते, उभ्या गाडीत ती पंख्यानं ओढायची असते. म्हणजे बघायचं पंख्याकडे. पण सगळे म्हणायचे, "पंखा तर फिरतोय की!" फिरत होता. कसा फिरत होता ते कुणी बघितलं नव्हतं.

रविवारी सकाळी गाडी अंगणात घेतली, इंजिन चालू ठेवलं, पंखा लागायची वाट बघितली. मल्टीमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन पंख्याच्या अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणाऱ्या वायरला. इथं शून्याच्या आसपास काहीतरी यायला पाहिजे. शून्य पॉइंट दोनच्या वर गेलं की मी वायर धरतो. आले जवळजवळ ३ व्होल्ट. म्हणजे बॅटरीवर पावणेचौदा दिसत असताना मोटरला कसेबसे पावणेअकरा मिळत होते आणि बाकीचे वाटेत जळत होते. ती वायर धरत धरत डाव्या हेडलाइटच्या मागं गेलो. तिथं एकाच बोल्टवर चार-पाच थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाच्या कड्या, एकावर एक बसवलेले. वर कुणीतरी कधीकाळी चेसिसला काळा रंग मारताना ब्रश फिरवलेला, आणि खाली तांब्यावर हिरवी भुकटी. बोल्ट सोडवला तर सगळ्यात खालचं थिंबल माझ्या बोटांतच तुटलं.

पत्र्याच्या गाडीत सगळी बॉडीच मायनस असते. दिव्याचा बोल्ट कुठंही कसला तरी करंट घरी पोचतो. फायबरमधून करंट जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याची, मोटरची, हॉर्नची परतीची वायर वेगळी ओढून खालच्या लोखंडाला नेऊन बांधावी लागते. अशी एक गाठ कुजली की तिच्यावरचं सगळं लंगडतं, आणि करंट दुसऱ्याच एखाद्या बल्बमधून वाट काढतो. मग ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकतो आणि मालक म्हणतो गाडीला भूतबाधा आहे. हे काही आपल्याच गाडीचं दुखणं नाही. १९६२ च्या लोटस इलानचीही बॉडी फायबरची, खाली लोखंडी कणा, आणि तिचे मालकही अर्थच शोधत फिरतात.

लोखंड पांढरं होईस्तोवर घासलं, प्रत्येक वायरला नवं थिंबल क्रिम्प केलं म्हणजे दाबून बसवलं, पंख्याला चार स्क्वेअर मिलिमीटरची वेगळी वायर थेट बॅटरीपर्यंत ओढली, वरून ग्रीस. पंखा लागला तसा अंगणातला पालापाचोळा उडाला. वायर आणि थिंबलला लागलेले पैसे सांगितले तर त्या गॅरेजचं बिल अजूनच बोचेल, म्हणून राहू द्या. नंतर म्हैसमाळचा घाट भर दुपारी चढवला, वर जाऊन तशीच चालू उभी केली. काटा मधोमध.

दाजी अजून म्हणतात, "हेडचं काम झालं होतं म्हणून जमलं." ताई म्हणते, "तुम्ही दोघं त्या पंख्यापायी दरवेळी जेवण गार करायलात."

तर गाडी घेतलीत की पहिलं काम इंजिन उघडणं नाही. सगळ्या अर्थच्या गाठी शोधा, सोडवा, नव्यानं बांधा. टायमिंग बेल्ट किती जुना हे कुणी खात्रीनं सांगत नसेल तर तो बदला. बेअरिंग आणि ऑइल सील "स्टॉर्मचं द्या" म्हणून मागू नका, दुकानदार नाहीच म्हणेल. बेअरिंगवरचा नंबर वाचा, सीलचं आतलं माप, बाहेरचं माप आणि जाडी घ्या, आणि बेअरिंगच्या दुकानात जा. ब्रेकच्या नळ्यांना मात्र जुगाड नाही.

बॉडीला तडे असणारच. आपल्याकडचे गतिरोधक बघता नाक फुटलेलं नसेल तर मला आश्चर्य वाटेल. पेंटर वरून पुट्टी भरून रंग मारून देईल, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तडा पुन्हा वर येईल. हे मी फायबरचे पुतळे करणाऱ्या एका कारागिराकडून शिकलो. गाड्यांच्या पेंटरपेक्षा त्याला जास्त कळतं. काम मागच्या बाजूनं करायचं. तडा ग्राइंडरनं उतरता घासायचा, जाडीच्या दहा-बारा पट रुंद. ऐंशी नंबरच्या पेपरनं खरखरीत करायचा, अ‍ॅसिटोननं पुसायचा, मग रेझिनमध्ये भिजवलेल्या साडेचारशे ग्रॅमच्या काचतंतूंच्या मॅटचे दोन-तीन थर. पुढून फक्त शेवटचा हात.

रेझिनबरोबर ते घट्ट करायला दोन बाटल्या मिळतात, कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट. या दोन्ही एकमेकींत थेट कधीही ओतू नका, भडका उडतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट नीट ढवळायचं, मग कॅटॅलिस्ट, तेही शेकडा एक-दोन. डोळ्यांना चष्मा पाहिजेच. आणि मे महिन्यात दुपारी करायला बसलात तर ब्रश डब्यातच दगड होईल. उजाडता उजाडता काम उरकायचं.

आता इंजिन. दाजींचं म्हणणं, "हा फायबरचा टब आहे. सोळाशे सीसी टाक, मग बघ." मोठं इंजिन म्हणजे नाकावर जास्त वजन, आणि ही पुढच्या चाकांवर ओढणारी गाडी, म्हणजे वळवायचं, ओढायचं आणि जास्तीत जास्त थांबवायचंही त्याच दोन टायरांनी. मग ब्रेक मोठे, स्प्रिंग कडक, रेडिएटर मोठा, माउंटिंग वेल्डिंग करून, आणि वायरिंग पुन्हा सगळी पहिल्यापासून. हलकेपणासाठी घेतली आणि जड करून ठेवली. त्यापेक्षा आधीच्या मालकानं मागं ठोकलेला स्पीकरचा डबा काढा. रबर बुश नवे घाला, अलाइनमेंट करा, चांगले टायर घ्या पण रुंद आणि जड रिमच्या नादी लागू नका, ब्रेक ऑइल बदला. धुळे-सोलापूर हायवेवर तुम्हाला कुठलीही डिझेल एसयूव्ही मागं टाकेल. टाकू द्या. दौलताबादच्या वळणांवर ती दिसणार नाही.

दाजींना हे पटत नाही, कारण त्यांनी आयुष्यात एकही अर्थ सोडवून बघितलेली नाही.

आणि हो, हे वर लिहायला पाहिजे होतं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं केलेल्या रचनेत मनानं बदल करता येत नाही, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते. शिवाय ही गाडी १५ वर्षांच्या पुढची, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते आरसीवर बघा. कागद संपलेले असतील तर स्वस्त म्हणताय ती स्वस्त नाही. माझ्याकडे क्रिम्पिंगचं हत्यार, मीटर वगैरे कामामुळे आहे, तुम्हाला विकत घ्यावं लागेल. आणि जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.

बघायला जाल तेव्हा मालकाला हेडलाइट, पंखा, वायपर सगळं एकदम लावायला सांगा आणि स्वतः मागं उभे राहा. इंडिकेटरबरोबर मागचा लाल दिवाही मिचमिचायला लागला तर अर्थ गेलेली आहे, भाव पाडून मागा. मालक म्हणेल बल्ब सैल आहे. म्हणू द्या.