एकाच ई. कोलायवर सेफ्ट्रिॲक्सोनचा झोन कधी 24 मिमी, कधी 19 मिमी का येतो? (नाशिकमधील लॅब)

झोन म्हणजे अँटिबायोटिकच्या डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ. त्याचा व्यास 19 मिमी म्हणजे रेझिस्टंट (औषध चालत नाही), 23 किंवा जास्त म्हणजे सेन्सिटिव्ह (औषध चालतं). रुग्णाचं औषधच बदलतं, म्हणून असा फरक सोडून देऊ नका.

आधी 30 मायक्रोग्रॅमची तीच डिस्क ई. कोलाय एटीसीसी 25922 वर (तपासणीसाठी ठेवलेला प्रमाणित जंतू) लावा. झोन 29 ते 35 मिमीत हवा. कमी आला तर पहिला संशय डिस्कवर. सेफ्ट्रिॲक्सोनसारखी बीटा-लॅक्टम औषधं ओलाव्याने आणि उष्णतेने कमजोर होतात. नाशिकच्या पावसाळ्यात फ्रिजमधली डबी काढून लगेच उघडली की आत दव धरतं. बंद डबी तास-दोन तास बाहेर ठेवून मगच उघडा, सिलिका जेलची पुडी आत असू द्या. वीज वारंवार जात असेल तर फ्रिजच्या तापमानाची नोंद ठेवा.

डिस्क ठीक निघाली तर सस्पेन्शन (जंतू मिसळलेलं द्रव) तपासा. ते 0.5 मॅकफारलंडपेक्षा (गढूळपणाचं प्रमाण माप) दाट असेल तर झोन आक्रसतो. नुसत्या नजरेच्या अंदाजावर इथेच घोळ होतो, स्टँडर्डची नळी शेजारी धरा. प्लेटमधला म्युलर-हिंटन अगार (जंतू वाढवायचं माध्यम) 4 मिमी जाडीचा हवा. जाड थरात झोन लहान, पातळ थरात मोठा. स्वॅब फिरवल्यावर 15 मिनिटांत डिस्क लावा, 35 अंशांवर 16 ते 18 तास ठेवा.

एवढं करूनही झोन 25 किंवा त्याखाली राहिला तर ईएसबीएल (अशी औषधं निकामी करणारं जंतूचं एन्झाइम) तपासा: सेफ्टाझिडिम आणि सेफोटॅक्सिमच्या डिस्क, प्रत्येकी साधी आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिडसह (ते हे एन्झाइम रोखतं). दोन्हींपैकी एका औषधातही ॲसिडसह झोन साध्यापेक्षा 5 मिमी किंवा जास्त वाढला तर ईएसबीएल पक्कं.