देवावर भार टाकायचा तो कसा?

प्रश्न : यजमानांची नोकरी गेली, सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत. देवापुढे बसले तरी मन थाऱ्यावर राहत नाही. माझी श्रद्धाच कमी पडते का? (एक भगिनी, फोंडा)

उत्तर : ताई, मुळीच नाही. १५६० मध्ये पोर्तुगीजांच्या धर्मछळापासून वाचवण्यासाठी मंगेशाचे (शंकराचे) लिंग गोव्यातल्या कुठ्ठाळीहून जुवारी नदी ओलांडून प्रियोळ गावी आणणाऱ्या भाविकांच्या मनातही धास्ती असणारच. तरी देवाला सोबत घेऊनच ते निघाले. म्हणून भीती जाण्याची वाट न पाहता, सांजवेळी तुळशीवृंदावनापाशी पणती लावून, वाऱ्याने थरथरणाऱ्या ज्योतीला ओंजळीचा आडोसा देत, मनात सलणारे सगळे देवाला आपल्याच शब्दांत सांगा. रडू आले तर येऊ द्या. मग उद्याचे एकच काम, सासूबाईंचे औषध किंवा नोकरीचा एखादा अर्ज, मनापासून करा. झोपच उडाली असेल, तर डॉक्टरांनाही अवश्य भेटा.