कंपासपेटीतले छत्तीसशे रुपये

"मॅडम, ती असली पुस्तकं वाचून वाचून माझी मुलगी खोटारडी झालीय." फोनवरचं पहिलं वाक्य हेच. मी समुपदेशक, असे फोन मला अधूनमधून येतातच, पुस्तक बदलतं, कधी जादूची शाळा असते कधी ड्रॅगन, पण तक्रार तीच, की त्यातल्या पोरी फार आगाऊ, मोठ्यांचं ऐकत नाहीत, कुणाला न सांगता निघून जातात आणि आमचीही आता तशीच व्हायला लागलीय. म्हणून ही केस लिहितेय. घरच्यांची आणि मुलीची परवानगी आहे, ओळख पटेल असं सगळं बदललंय, मुलीला आपण सई म्हणू.

सई बारा वर्षांची, सातवीत. झालं असं की आई मंडईत भाजी घेत होती, तिथे चित्रकलेच्या क्लासवाल्या ताई भेटल्या आणि काळजीने म्हणाल्या, "आजींची तब्येत कशी आहे आता? गावाहून कधी आलात?" आजी तर घरी सोफ्यावर बसून मटार सोलत होत्या, ठणठणीत. मग एकेक बाहेर आलं. सई दोन महिने क्लासला फिरकलीच नव्हती, आजी सिरीयस आहे आम्ही सगळे गावाला चाललोय असं ताईंना सांगून मोकळी, आणि घरून मात्र दर मंगळवार-शुक्रवारी ड्रॉइंगची वही घेऊन निघायची नि सोसायटीच्या गच्चीवर टाकीमागे बसून वाचायची. क्लासची फी ताई कॅशनेच घ्यायच्या. ते छत्तीसशे रुपये आईला कंपासपेटीत सापडले, कर्कटकाखाली, नीट घडी घालून.

वाचत काय होती, तर फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाचं 'नॉर्दर्न लाइट्स', १९९५ चं, तीन भागांच्या अद्भुत गोष्टीतला पहिला भाग, मावसबहिणीने दिलेला. आईने गूगल केलं, तिला कळलं की यातली लायरा नावाची पोर पट्टीची थापाडी आहे. झालं, गुन्हेगार सापडला.

आता माझी चूक सांगते. मी तेव्हा ते पुस्तक वाचलेलं नव्हतं, आणि आईची धास्ती ऐकून फोनवर बोलून गेले की थोडे दिवस पुस्तक बाजूला ठेवा, मग बघू. इतकी वर्षं या कामात काढून हा सल्ला! सई आली ती गप्पच, पाऊण तास पंख्याकडे बघत बसली. मी शाळेचं विचारलं, मैत्रिणींचं विचारलं, शेवटी ते भयंकर वाक्यपण टाकलं, "तुला लायरासारखं व्हायचंय का?" तिने माझ्याकडे असं बघितलं की बस. चप्पल घालताना म्हणाली, "तुम्ही वाचलंय का पण?" मी नाही म्हटलं. "मग काय बोलायचं," म्हणाली आणि गेली.

मग वाचलं, काय करणार. पहिला भाग चार रात्रीत संपवला, पुढचे दोन त्या महिन्यात. आणि वाचताना मला सारखा माझा भाऊ आठवत होता, जो फास्टर फेणे वाचून सायकल काढून दिवसभर गायब व्हायचा, संध्याकाळी गुडघे फोडून यायचा, आणि घरात सगळे कौतुकाने म्हणायचे, आला बघा आमचा फुरसुंगीचा बनेश. त्याला कुणी समुपदेशकाकडे नेलं नाही. मुलगी तेच करायला लागली की आपल्याला पुस्तकात दोष दिसतो, मलापण दिसला होता, म्हणून लिहितेय.

दुसऱ्या वेळी मी सईला एकच विचारलं, लायराला खोटं बोलायला शिकवलं कुणी? "कुणी नाही, तिला येतंच." मग थोडं थांबून, "म्हणजे तिच्याशीच सगळे खोटं बोलायचे ना." बरोबर आहे. ऑक्सफर्डच्या जॉर्डन कॉलेजात वाढलेल्या त्या मुलीला सांगितलेलं असतं की तुझे आईवडील हवाई जहाजाच्या अपघातात गेले. हे आपलं विमान नाही, पुस्तकातल्या जगातलं, गॅसच्या फुग्यावर तरंगणारं जहाज. आणि अधूनमधून येणारे ते लॉर्ड अ‍ॅस्रिएल तुझे काका. ते काका असतात तिचे वडील, आणि गोडगोड बोलून तिला घेऊन जाणारी मिसेस कूल्टर तिची आई. मी म्हटलं, म्हणजे मोठ्यांनी आधी सुरुवात केली. सई पेन्सिलीचं टोक नखाने कुरतडत होती. तशीच, खाली बघत म्हणाली, "आमचे बाबा वर्क फ्रॉम होम करत नाहीयेत."

चार महिन्यांपूर्वी बाबांची नोकरी गेली होती. मुलांना टेन्शन नको म्हणून रोज सकाळी शर्ट घालून, दार लावून, लॅपटॉप उघडून बसायचे. भिंत पातळ असते हो आपल्या फ्लॅटांची. ईएमआय, पीएफ काढू का, आजीचे दागिने, सगळं ऐकलेलं तिने. मग तिने स्वतःच ठरवलं की आपला एक खर्च कमी करायचा, फी साठवायची, पाच महिन्यांचे नऊ हजार झाले की आईच्या हातात द्यायचे. मी विचारलं, कुणाला सांगावंसं नाही वाटलं? तर म्हणे, "लायरा कुणाला विचारत बसत नाही."

मला वाटतं या सगळ्या केसमध्ये पुस्तकाने काही गडबड केलीच असेल तर ती इथे, आणि तीपण पुस्तकाची नाही, वाचण्याची. या गोष्टींत आईबाप मुद्दाम बाजूला काढलेले असतात. 'विझर्ड ऑफ ओझ' या १९०० सालच्या पुस्तकातली डोरोथी अनाथ, नील गेमनच्या गोष्टीतल्या कोरलाइनचे आईबाबा पळवलेले, लायराचं आत्ता सांगितलं. काढावेच लागतात, नाहीतर पहिल्याच पानावर आई म्हणेल स्वेटर घाल आणि अभ्यासाला बस, गोष्ट खलास. पण मुलं त्याचा अर्थ असा लावतात की हुशार, धीट मुलगी म्हणजे एकटी मुलगी, मदत मागितली की ती हिरोइन उरत नाही. हुशार आणि समजूतदार मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं, आणि आपण वर 'आमची किती शहाणी, काही सांगावंच लागत नाही' म्हणून त्यात भर घालतो.

मी तिच्यापुढे कागद ठेवला, म्हटलं लिही, गोष्टीतल्या उत्तरेच्या प्रवासात लायराला कोणी कोणी मदत केली. हसली, दोघं-तिघं असतील म्हणाली. मग लिहायला लागली. आयोरेक, ते चिलखतवालं अस्वल. बलूनवाला ली स्कोर्स्बी. चेटकिणींची राणी सेराफिना. जिप्शियन लोकांचा जॉन फा, म्हातारे फार्डर कोराम, मा कोस्टा जी तिला पोटाशी धरते. आणि पॅन, तिचा डीमन, म्हणजे तिचा जीवच, प्राण्याच्या बदलत्या रूपात बाहेर राहणारा, तो तर क्षणभरही सोडत नाही. कागद भरत आला तशी सई म्हणाली, "अरे, ही एकटी कधी असतेच कुठे." मी काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती.

आईबाबांना मात्र बोलावून बोलले. बाबा आधी चिडले, आमच्या घरातलं तुम्हाला कसं कळलं म्हणून. मग मी त्यांना तिसऱ्या भागातला एक प्रसंग सांगितला, सईला विचारूनच. लायरा मेलेल्यांच्या देशात जाते, तिथल्या पहारेकरी हार्पी, अर्धी बाई अर्धा पक्षी, तिला अडवतात, ती नेहमीसारखी झकास थाप ठोकते आणि हार्पी 'लायर, लायर', म्हणजे खोटारडी, असं ओरडत तिच्या अंगावर येतात, लायरा आणि लायर एकच होऊन जातं. पण नंतर तीच मुलगी तिथल्या भुतांना लहानपणची खरी गोष्ट सांगते, चिखलात पोरांशी केलेल्या मारामाऱ्या, साधंच काहीतरी, आणि हार्पी गप्प बसून ऐकतात. त्यांना खऱ्याचीच भूक असते. हे ज्या पुस्तकात आहे त्याला तुम्ही खोटं शिकवणारं म्हणताय, म्हटलं. बाबा बराच वेळ हाताची नखं बघत राहिले.

त्या रविवारी त्यांनी सईला स्वतः सांगितलं. मी फक्त एवढंच सुचवलेलं की 'सगळं ठीक होईल' म्हणू नका, आकडे सांगा, किती महिने पुरतील, काय बंद होईल काय नाही. बारा वर्षांच्या मुलीला आकडे झेपतात, कुजबुज नाही झेपत.

ज्यांची तक्रार अशीच आहे त्यांच्यासाठी: पुस्तक काढून घेऊ नका, निदान पन्नास पानं वाचा आणि मग भांडा. मूल वाचत बसतं याची काळजी नको. जेवण-झोप बिघडली, मैत्रिणी तुटल्या, आधी आवडायचं ते एकदम सोडलं, तर मात्र बघा, पण कारण पुस्तकात शोधण्याआधी घरात शोधा. आणि खोटं पकडलं तर 'का बोललीस' याच्याआधी 'कुणाला वाचवत होतीस' हे विचारून बघा, उत्तरं फार वेगळी येतात.

चित्रकलेच्या ताईंकडे सई स्वतः गेली, आई जिन्यात थांबली होती. ताईंनी फी पुढे कधीतरी द्या म्हणून परत घेतलं तिला. छत्तीसशे रुपये घरखर्चात गेले, सईनेच आग्रह धरला.

आजी मात्र अजून सोडत नाहीत. रोज संध्याकाळी सईकडून लायराची गोष्ट मराठीत ऐकतात, पॅन शेवटी मुंगसासारखाच काहीतरी होतो हे त्यांना अजिबात पसंत नाही, वाघ तरी करायचा म्हणे. आणि मध्येच सईला म्हणतात, "माझ्या आजारपणाचं मला आधी सांगायचंस गं, मी जरा खोकले तरी असते."